शेपटी आणि मिशी एकाच पातेल्यातली

दगडूमामांनी मला घोडी बघायला बोलावलं होतं. मी गोठ्याजवळ पोचलो आणि घोडीच्या आधी मामांकडेच बघत राहिलो. त्यांचा उजवा डोळा पूर्ण मिटला होता. डाव्या डोळ्याची फक्त एक फट उरली होती. कपाळ, पापण्या, कान सगळं फुगून एकसारखं झालं होतं. वरचा ओठ मिशीसकट पुढे आला होता आणि मिशीच्या मुळातून पिवळसर पाणी पाझरत होतं.

"मामा, हे काय झालं?"

"पित्त उठलंय. त्याचं काय न्हाई. शेवंतीला बघा आधी. सांजच्याला वरात हाय जळकोटला."

"तुम्ही दवाखान्यात जा. मी घोडीला बघतो."

"जातो की. घोडीचं निपटू द्या. ॲडव्हान्स घेऊन बसलोय मी."

सुनेने चहा आणून दिला. मी उभ्या उभ्याच बशीत ओतून प्यायलो आणि घोडीकडे वळलो.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. कंधार तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी करतो. माझं काम मुख्यतः गाई, म्हशी आणि शेळ्यांचं. माझ्या हद्दीत घोडी मोजून चार. त्यातली वरातीची एकच, ती म्हणजे दगडूमामांची शेवंती. रंगाने पांढरी, वजन अंदाजे तीनशे तीस किलो. डीजेच्या भिंतीसमोर उभी राहिली तरी कान हलवत नाही. मामांची चार एकर शेती आहे, पण भागातले लोक त्यांना ओळखतात ते घोडीमुळे. आणि मिशीमुळे.

मिशीचं थोडं सांगायला हवं. वरातीत घोडीचा लगाम धरणारा माणूस नवरदेवाइतकाच व्हिडिओत येतो. म्हणून मामांनी एक पद्धत पाडली होती. वरातीच्या आदल्या दिवशी काळ्या डायची पुडी कालवायची. त्यातून घोडीच्या शेपटीचा गोंडा रंगवायचा आणि उरलेल्यातून स्वतःची मिशी. पांढरी घोडी, काळी शेपटी, शेजारी पांढरा फेटा, काळी मिशी. लोक गमतीने म्हणायचे, घोडी कुठली आणि घोडीवाला कुठला ते शेपटीवरून ओळखा. मामांना ते आवडायचं. सात-आठ वर्षं हे चाललं होतं. रंग कायम उघड्या हाताने लावायचे. त्यांची नखं वर्षभर काळी असायची.

शेवंतीची शेपटी मी उचलली तेव्हा तिने मागचा पाय झटकला. असं ती कधी करत नाही. शेपटीच्या दांड्यावरची कातडी लाल होऊन सोलली होती. मानेवर आयाळीच्या मुळाशी दोन बोटं जाड सूज होती. ती सारखी मान खांबाला घासत होती.

"या वेळी आयाळ पण रंगवली?"

मामांचा मुलगा बालाजी पुढे आला. तो पिकअप चालवतो आणि घोडीचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतो. "पार्टीची डिमांड होती साहेब. त्यान्ला रीलमधल्यासारखी काळ्या आयाळीची घोडी पायजे होती."

"किती पुड्या लावल्या?"

"अकरा."

"अकरा?"

"एका पुडीत काय होतंय? घोडीचा केस लई कडक. रंगच धरंना. मंग घट्ट कालवलं, लावलं आन् वरून पन्नी बांधून ठेवली. सकाळी सोडली."

घोड्याचा केस माणसाच्या केसापेक्षा जाड असतो हे खरं आहे. तो रंग उशिरा धरतो. पण केस जाड असला तरी त्याखालची कातडी पातळच असते. आणि प्लास्टिकच्या पन्नीखाली कोंडलेला रंग कातडीत जास्त उतरतो. मी सगळ्यात आधी शेवंतीच्या नाकपुड्या बघितल्या. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने येतो. नाक सुजलं तर घोडा उभ्या उभ्या गुदमरतो. तिच्या नाकपुड्या मोकळ्या होत्या. डोळ्याच्या वर थोडी सूज, एवढंच. तिला धोका नव्हता.

"नाक ठीक आहे," मी म्हणालो. "पण ही वरातीला जाणार नाही. या मानेवर साज घातला तर कातडी निघून येईल."

"साहेब, आसं कसं म्हंता..." मामा बोलले, आणि मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

आवाज त्यांचा नव्हता. मी आलो तेव्हा होता तसा नव्हता. तोंडात गरम बटाटा धरून माणूस बोलेल तसा झाला होता. त्यांनी आवंढा गिळला आणि गिळताना मान पुढे काढली.

मला तेव्हा भीती वाटली. आधी चेहरा बघून काळजी वाटली होती. ही वेगळी.

"मामा, तुम्ही किती लावला?"

उत्तर मामींनी दिलं. त्या घोंगडी घेऊन उभ्या होत्या. पित्त उठलं की आमच्याकडे माणसाला घोंगडीत गुंडाळतात. "अर्धं पातेलं उरलं होतं. वाया कामून घालवायचं म्हणले. डोक्याला, दाढीला, छातीला, समदीकडं फासलं. रातभर तसंच. म्या म्हणलं, तुम्ही काय घोडी हाव का? तर म्हणले, चांगला धरतो."

"याआधी कधी खाज यायची?"

"हाताला यायची. बोटाच्या बेचक्यात कातडं फाटायचं. लगामानं फाटतं म्हणायचे."

ते लगामाने नव्हतं. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. पूर्ण नाव लांब आहे, ते राहू द्या. बहुतेकांना त्याने काही होत नाही. काहींचं शरीर मात्र दर वेळी त्याच्याविरुद्ध थोडी थोडी तयारी करत राहतं. सात वर्षं काहीच झालं नाही म्हणून आठव्या वर्षी होणार नाही, असा त्यात हिशेब नसतो. उलट असतो. मामांच्या बोटांनी आधीच इशारा दिला होता. आणि या वेळी एका मिशीऐवजी रंग अख्ख्या डोक्यावर, छातीवर आणि रात्रभर होता.

"अंगावर आधी पाणी घाला," मी म्हणालो. "भरपूर. डोळे मिटून. घोंगडी नको."

सून आणि बालाजी त्यांच्या डोक्यावर बादलीने पाणी ओतायला लागले. काळं पाणी गोठ्याच्या फरशीवरून वाहायला लागलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी दुसऱ्या केसवर गेली होती. मग मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉ. सोनकांबळे मॅडमना फोन लावला. त्या तिथे मेडिकल ऑफिसर आहेत. कुत्रं चावलेल्या केसेसमुळे आमचं महिन्यातून एक-दोनदा बोलणं होतं. कुत्रं माझ्याकडे, माणूस त्यांच्याकडे.

मी चेहरा सांगितला, डाय सांगितला.

"जीभ बघा," त्या म्हणाल्या.

"मामा, आ करा." जीभ जाड झाली होती. कडेला दातांचे ठसे उमटले होते. "सुजली आहे."

"आवाज?"

"बदललाय. आत्ता, माझ्यासमोर."

"श्वास घेताना आवाज येतो?"

मी कान जवळ नेला. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. श्वास आत जाताना. "येतो."

"किती लांब आहात?"

"सव्वीस किलोमीटर. त्यातले नऊ खोदून ठेवलेत."

"तुमच्याकडे ॲड्रिनलीन आहे?"

होतं. लसीकरणाच्या वेळी एखाद्या जनावराला लसीचीच रिॲक्शन येते, ते खाली कोसळतं. त्यासाठी मी बॅगेत कायम दोन अँप्यूल ठेवतो. औषध तेच, माणसाला वेगळं नसतं. घाबरल्यावर शरीर स्वतःच ते सोडतं. त्या क्षणी माझ्या अंगात ते भरपूर होतं. मामांना बाहेरून द्यावं लागणार होतं.

"मॅडम, मला माणसाला इंजेक्शन द्यायची परवानगी नाही."

"मला आहे. मी सांगते तेवढंच द्या. एक एमएलचं अँप्यूल आहे ना? त्यातलं अर्धं. पॉइंट पाच. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. शिरेत नाही. परत सांगा."

"पॉइंट पाच. मांडीत. स्नायूत."

"फोन चालू ठेवा."

मी अँप्यूलवरची मुदत वाचली. मुदतीत होतं. ताकद वाचली. पुन्हा वाचली. वीस वर्षं मी औषध शंभर किलोच्या पटीत मोजत आलो आहे. माझ्या हाताला दहा एमएलच्या सिरिंजची सवय. समोरचा माणूस जेमतेम साठ किलोचा. कुत्र्याच्या पिल्लांसाठी ठेवलेली दोन एमएलची सिरिंज काढली, बारीक सुई लावली. अर्धा एमएल ओढला आणि डोळ्यासमोर धरून रेघ बघितली. मनगट खांबाला टेकवून पुन्हा बघितलं.

अर्ध्याच्या जागी चुकून अख्खं अँप्यूल गेलं तर काय होतं, हे मला माहीत होतं. द्यायचं टाळलं तर काय होतं, तेही ऐकू येत होतं.

"मामा, मी जनावरांचा डॉक्टर आहे. हे तुम्हाला टोचू का?"

मामांनी मान हलवली. मामी बोलल्या, "टोचा साहेब. ह्यान्ला आजवर माणसाचं औषध लागू पडलंच न्हाई."

मी पायजम्यावरूनच टोचलं.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मामांना आडवं केलं नाही. पिकअपमध्ये पुढे बसवलं, एका बाजूला मी, दाराकडे मामी. तोंडावाटे पाणीसुद्धा नाही. सुनेला सांगितलं, घोडीला पाण्याने धूत राहा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. निघताना मामांनी हाताने गोठ्याकडे खूण केली. बोलता येत नव्हतं.

"घोडीचं बघतो मी," मी म्हणालो. "तुम्ही फक्त श्वास घ्या."

पहिले काही किलोमीटर डांबरी होते. मी त्यांच्या नाडीवर बोट ठेवलं होतं आणि श्वासाचा आवाज ऐकत होतो. शीळ थोडी कमी झाल्यासारखी वाटली. मला हवं होतं म्हणून वाटली की खरंच कमी झाली, ते कळत नव्हतं. मग खोदलेला रस्ता लागला आणि फोनची रेंज गेली. मॅडमचं शेवटचं वाक्य होतं, "पाच-दहा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा तेवढंच..."

त्या नऊ किलोमीटरमध्ये समोर उसाची डबल ट्रॉली. एका बाजूला खडीचा ढीग, दुसऱ्या बाजूला चर. बालाजीने हॉर्न दाबून धरला. ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात ऐकू जात नव्हतं.

"बालाजी, उतर आणि त्याला बाजूला घ्यायला लाव."

तो इंजिन बंद करून पळाला. आता मला श्वास नीट ऐकू आला. शीळ कमी झालेली नव्हती. आधीपेक्षा जाड झाली होती. मामा दोन्ही हात गुडघ्यावर रोवून खांद्यांनी श्वास ओढत होते. गळ्याच्या खळग्यात दर श्वासाला खड्डा पडत होता. ओठांचा रंग बघावा म्हटलं, तर डायने ओठ काळेच होते. निळे पडलेत की रंगलेत, कळायला मार्ग नाही. मी त्यांची नखं बघितली. नखंही काळी. जनावर आजारी असलं की आम्ही हिरड्या बघतो, म्हणून मी मामांचा खालचा ओठ बोटाने उलटा केला. हिरडी फिकट होती, निळी नव्हती.

मामी माझ्याकडे बघत होत्या. फोनमध्ये रेंजची एक काडीही नव्हती. आता सांगणारं कोणी नव्हतं.

दुसरं अँप्यूल मी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. फोडलं. अर्धा एमएल. मनगट डॅशबोर्डला टेकवून रेघ बघितली. दुसऱ्या मांडीत दिलं.

"साहेब," मामी म्हणाल्या, "खरं सांगा. राहतेत का?"

"माहीत नाही, मामी. हात धरा त्यांचा."

ट्रॉली हलली. बालाजी परत येऊन बसला आणि त्याने गाडी काढली. मी खोटा धीर कोणाला देत नाही, जनावराच्या मालकालाही नाही. पण त्या दिवशी द्यावासा वाटत होता.

रस्ता पुन्हा डांबरी झाला तेव्हा मामांनी खोकून थुंकी बाहेर टाकली आणि ते काहीतरी बोलले. नीट कळलं नाही. मी कान नेला.

"ट्रॅक्टरवाला... आपल्याच गावचा होता."

इतकं लांब वाक्य. मध्ये एकदाच थांबून. मी शीळ ऐकली. होती, पण बारीक. नाडी जोरात पळत होती, ती औषधाने पळणारच. मी पहिल्यांदा पाठ मागे टेकली.

दवाखान्याच्या दारात मॅडम स्वतः उभ्या होत्या. ऑक्सिजन, सलाइन, बाकीची इंजेक्शनं, सगळं तयार. मी काय दिलं, किती, कोणत्या मांडीत, ते त्यांना सांगितलं आणि दोन्ही रिकामी अँप्यूल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "डाय पोटात गेलाय का?"

हेच रसायन पोटात गेलं तर गोष्ट खाजेपुरती राहत नाही. घसा सुजतो, मग स्नायू विरघळायला लागतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. किडन्या बंद पडतात. आमच्या भागातल्या दवाखान्यांना अशा केसेस नवीन नाहीत. रागाच्या भरात लोक घरात असलेली पुडीच पाण्यात कालवून पितात.

"प्याले न्हाई," मामी म्हणाल्या. "प्यायला कामून लागतेत?"

"कालवलं कशात होतं?"

"च्याच्या पातेल्यात. च्याच्या पाण्यात कालवलं की रंग पक्का बसतो."

"ते पातेलं नंतर धुतलं?"

"राखेनं घासलं की चांगलं. सकाळी समद्यान्ला च्या त्यातच केला." मामींनी माझ्याकडे बोट केलं. "साहेबांनी बी घेतला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे.

"घासलेलं असेल तर काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पण लघवीवर लक्ष ठेवा. घरातल्या सगळ्यांनी. तुम्हीसुद्धा."

मी ठेवलं. काही झालं नाही. पण दोन-तीन रात्री झोप धड लागली नाही, आणि घरात कारण सांगितल्यावर बायको हसली, मग हसायची थांबली.

मामांना थोडं स्थिर करून नांदेडला पाठवलं. तिथे काही दिवस ठेवलं. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आले. चेहऱ्याची सूज उतरली, कपाळाची आणि वरच्या ओठाची कातडी खपल्या धरून निघाली.

मामांना पाठवलं त्याच दुपारी मी बालाजीबरोबर गावात परत गेलो. सून अजून घोडीवर पाणी ओतत होती. पाणी स्वच्छ येत होतं. शेवंतीला सुजेचं इंजेक्शन दिलं, तिच्या वजनाच्या हिशेबाने, आणि तेव्हा रेघ एकदाच बघितली. दांड्यावर मलम लावलं. बालाजी जळकोटच्या पार्टीशी फोनवर बोलत होता.

"न्हाई हो पाव्हणं, घोडी येतच न्हाई. बाप दवाखान्यात हाय... हाव, डायनंच... आवो, बुलेटवर काढा की. बुलेट काळीच असती."

फोन ठेवून तो म्हणाला, "ॲडव्हान्स वापस मागून राहिलेत." मग आयाळीच्या काळ्या पट्ट्याकडे बघत उभा राहिला. त्याने रीलचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून माझ्या वरिष्ठ साहेबांचा फोन आला. कोणीतरी सांगितलंच होतं.

"तुम्ही माणसाला इंजेक्शन दिलं?"

"दिलं, साहेब. मेडिकल ऑफिसरच्या सांगण्यावरून. एक डोस त्यांच्या फोनवर, दुसरा रेंज नसताना."

"काही झालं असतं तर?"

"तर मी आज तुमचा फोन घ्यायच्या परिस्थितीत नसतो."

"माणूस कसा आहे?"

"बोलतोय."

"ठीक आहे. लेखी द्या." मी आधीच लिहून ठेवलं होतं. ते पाठवलं. पुढे काही आलं नाही.

शेवंतीच्या दांड्यावरचे केस गळले आणि काही महिन्यांनी नवे आले. पांढरे. मामा परवा शेळी घेऊन दवाखान्यात आले होते. मिशी पांढरी, डोकं पांढरं. वरच्या ओठावर एक फिकट डाग राहिला आहे. न्हाव्याच्या दुकानात डायचा वास आला की अर्धी दाढी सोडून बाहेर येतो, म्हणाले. वराती मिळतात का, असं मी विचारलं.

"मिळतेत. आता पांढरी घोडी, पांढरा म्हातारा. फोटोत बरं दिसतंय म्हणतेत." मग ते हळूच म्हणाले, "साहेब, त्या दिवशी ट्रॉली आडवी आली तवा मला वाटलं, झालं. तुमच्या मामीकडं बघून घेतलं एकदा."

मी शेळी तपासायला घेतली.

डाय मीही लावायचो, महिन्यातून एकदा, त्याच रंगाची पुडी. त्या दिवसानंतर घरातली पुडी पहिल्यांदा उलटी करून बघितली. मागे लिहिलंय: आधी कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबा, खाज किंवा सूज आली तर वापरू नका, भुवया-पापण्यांना लावू नका, हातमोजे घाला. सगळं लिहिलंय, मराठीतसुद्धा. अक्षर इतकं बारीक आहे की वाचायला चष्मा लागतो. तेवढा लावावा.